ऊन लागलं की शीट वाजते

जळगाव जामोदच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या गादीवर बसून मी एक वाक्य किती जणांना सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही. "ऊन लागलं की शीट वाजते." गिऱ्हाइकांना सांगितलं, शेजारच्या दुकानदारांना सांगितलं, चहा घेऊन येणाऱ्याला सांगितलं, आणि शेवटी घरच्या माणसांनाही सांगितलं. वाक्य अर्धं खरं होतं, म्हणून खपलं. उरलेलं अर्धं मी दाबून ठेवलं. त्यामुळे माझ्या थोरल्या भावाला त्याच्या पोटच्या मुलीने दोषी धरलं. तो स्वतःची बाजू सांगू शकत नव्हता. त्याला बोलता येत नाही. म्हणून आता मी सांगतो.

दुकान वडिलांनी सुरू केलेलं. खाली दुकान, वर राहायची जागा. वर जायचा जिना मागच्या गल्लीतून. मी पुढे बायपासच्या बाजूला घर बांधलं आणि बायको-मुलाला घेऊन तिकडे गेलो. दादा आणि वहिनी दुकानाच्या वरच राहिले. दुकान आम्ही दोघा भावांनी मिळून चालवलं. गिऱ्हाईक त्याचं, हिशेब माझा. त्याला बोलायला फार लागायचं. संग्रामपूर, वरवट बकाल, सोनाळ्याकडचं कोणतंही लग्न असो, भांडी घ्यायला लोक त्याच्याकडे यायचे. नवऱ्या मुलीच्या आईला चेष्टेत रडवायचा आणि मग हसवायचा.

त्याला लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. लिहिताही येईना. एकच शब्द शिल्लक राहिला, आमच्याकडचा हो. "हाव."

जेवलास का? हाव. जेवायचं राहिलं का? हाव. पाऊस आला का? हाव. कधीकधी तो चुकीच्या जागी हाव म्हणायचा, त्याचं त्यालाच कळायचं आणि तो डोळे मिटून मान हलवायचा. वहिनी शेजारणींना सांगायची, "माह्यासारखं नशीब कोनाचं आहे? नवरा कोन्त्याच गोष्टीले नाही म्हनत नाही." आणि स्वतःच हसायची. तिच्या हसण्यामुळे आम्हाला सगळ्यांना बरं वाटायचं.

दादाची खुर्ची वरच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून असायची. डाव्या हातात काठी. खाली ओळखीचं माणूस दिसलं की तो खिडकीच्या गजावर काठीने ठोकायचा आणि थांबायचा. माणूस वर पाहायचं, हात करायचं. कोणी ओरडायचं, "काय सेठ, हजेरी घेऊन राह्यले का?" दादा म्हणायचा, "हाव." मग पुढचा माणूस. ठोकायचं आणि थांबायचं. बोलणं गेल्यावर तेवढंच त्याचं बोलणं उरलं होतं, आणि सगळ्या बाजाराला त्याची सवय झाली होती.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमच्याकडे भांडं डोळ्यांनी पाहून कोणी घेत नाही, वाजवून घेतात. पितळी घागर किंवा काशाचं ताट पाच बोटांच्या टोकांवर तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या पेराने टिचकी मारायची. अखंड असेल तर नाद लांब जातो. बारीक चीर असेल तर बद्द वाजतं, आणि ती चीर डोळ्यांना दिसतही नाही. वडिलांनी आम्हा दोघांना लहानपणी डोळे मिटायला लावून हे शिकवलं. या धंद्यात माझं सगळं आयुष्य गेलं आहे. कोणता आवाज कशाचा, यात मी फसू शकत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला कोणी सूट द्यायला नको.

रस्त्याच्या पलीकडे एक नवीन दुकान झालं. त्याची सगळी दर्शनी बाजू चकचकीत शीटने मढवलेली, वर उजेडाची अक्षरं. माझा मुलगा तेव्हा दुकानात बसायला लागला होता आणि त्याच्या लग्नाचं पाहणं चाललं होतं. तो म्हणाला, "बाबा, मुलीकडचे येतीन तं आपलं दुकान पाहून वापस जातीन. भितीले पोपडे, खिडकीत वाळत टाकलेलं धोतर. गोडाऊन वाटते आपलं दुकान." मलाही ते पटलं. खरं म्हणजे मला तो बोलायच्या आधीच पटलेलं होतं. गादीवर बसलं की समोर दिवसभर तेच चकाकणं दिसायचं.

खामगावचा एक ठेकेदार आला. त्याच्याकडे किल्ल्यांच्या जुडग्यासारखा रंगीत तुकड्यांचा जुडगा होता. दोन्हीकडून ॲल्युमिनियमचा कागदाएवढा पत्रा आणि मध्ये प्लॅस्टिक. त्याने एक मोठी शीट माझ्या हातात दिली. "उचला काका. भितीवर वजनच नाही. जुनी भिंत आहे तुमची, टाईल्स लावल्या तं पडन. हे म्हनजे भितीले शर्ट घातल्यासारखं." खरंच, अंगापेक्षा मोठी ती शीट मी एका हाताने उचलली. सवयीने टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखी घुमली.

भिंतीपासून वीतभर पुढे लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करायचा, शीटला मागून खाच मारून कडा दुमडायच्या, सांगाड्यावर स्क्रूने बसवायच्या आणि फटी सिलिकॉनने भरायच्या, असं ते काम. ठेकेदाराने कागदावर चित्र काढून दाखवलं. वडिलांच्या नावाची मोठी अक्षरं दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यातलं मधलं अक्षर नेमकं दादाच्या खिडकीवर येत होतं.

वहिनी खाली आली होती चित्र पाहायला. ती म्हणाली, "अन् खिडकी?"

मुलगा म्हणाला, "मोठी आई, खिडकी बंद होईन. पूर्ण फ्रंट एकसारखा पाह्यजे."

"अक्षरं थोडी इकडं सरकवा ना."

"मंग ते मधोमध नाही दिसत."

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. ठेकेदाराने स्वतःहून सांगितलं की तेवढ्या जागी उघडता येणारी झडप ठेवता येईल, पण रेषा दिसेल. मी म्हणालो, रेषा नको.

मग मुलगा वर गेला आणि दादाला विचारून आला. "मोठे बाबा हाव म्हटले." त्याने हे हसत सांगितलं. मीही हसलो. दादाने स्वतः परवानगी दिली, हे त्या दिवसापासून आम्ही सगळ्यांना सांगत आलो, आणि सांगताना आम्हाला लाज वाटली नाही. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी वर गेलो होतो. दादाने माझं मनगट धरलं आणि खिडकीच्या गजावर नेऊन दाबून ठेवलं. त्याला काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. मी म्हटलं, "दादा, पंखा नवीन लावून देतो, चांगला." आणि मनगट सोडवून घेतलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

शीटवर निळा प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. आमच्या भागात तो उद्घाटनापर्यंत कोणी काढत नाही. फीत कापायच्या ऐवजी पाहुण्याच्या हाताने पापुद्र्याचं टोक धरून ओढायचं आणि खालून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी पद्धत पडली आहे. आमच्याकडेही तसंच झालं. पेढे वाटले. व्याही होणारी मंडळी आली होती. दर्शनी भाग उन्हात असा लखलखला की डोळ्यांवर हात धरावा लागला. वर वहिनीने भर दुपारी ट्यूबलाइट लावली होती. तिला पेढे द्यायला मी दुसऱ्या माणसाला पाठवलं.

ठेकेदाराने जाताना सांगितलं होतं, "काका, आपलं दुकान पश्चिमेकडं तोंड करून आहे. दुपारनंतर ऊन लागलं की शीट फुगते, स्क्रूवर सरकते, मंग टक-टक वाजते. घाबरू नका." तसा आवाज येत होता. बारीक, कोरडा, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाणारा.

आणि मग दादाची काठी सुरू झाली. खिडकीच्या गजांतून काठी बाहेर काढली की ती थेट शीटच्या पाठीवर लागायची. ठोकायचा आणि थांबायचा. सवयीने लोक वर पाहायचे. वर मधलं अक्षर दिसायचं. पहिल्यांदा वरवट बकालच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "सेठ, वरतं कोनी ठोकून राह्यलं का?" त्याच्यासोबत नवीन व्याही बसले होते. बंद खिडकीमागे माझा भाऊ बसला आहे, हे मला त्यांच्यासमोर सांगवेना. मी म्हणालो, "शीट आहे ती. ऊन लागलं की वाजते."

इतकं सोपं होतं ते. दुसऱ्या वेळी त्याहून सोपं झालं. मग बाजारात ती चेष्टाच झाली. शेजारचा कापडवाला म्हणायचा, "काय सेठ, आज तुमची शीट लय बोलून राह्यली, उधारी मागते का?" ज्यांना ठाऊक होतं की वर दादा बसतो, त्यांनीही हळूहळू मान्य केलं की आवाज शीटचाच असेल. वर पाहणं बंद झालं. दादा मात्र ठोकत राहिला. मी वहिनीला एकदा म्हटलं, त्याच्या हातातली काठी काढून ठेवा, खाली गिऱ्हाइकांना त्रास होतो. ती म्हणाली, "काढतो. मंग त्यायच्याजवळ काय राह्यलं ते तुम्हीच सांगा."  काठी राहिली.

उन्हाळा आला. आधी कुलर त्या खिडकीच्या एका बाजूला बसायचा, बाहेरची हवा ओढायचा. आता तो खोलीत ठेवावा लागला. खोलीतलीच वाफ खोलीत फिरायची. शीट आणि भिंत यांच्यामधली हवा तापून खिडकीतून आत यायची. वहिनी पडद्याला, जमिनीला, दादाच्या डोक्याला पाणी लावायची. एकदा ती म्हणाली, "भाऊजी, आत भट्टी झाली आहे. पावसाळ्यापर्यंत तरी एक शीट काढून द्या." मी म्हटलं, पोराचं लग्न होऊ द्या, मग पाहू.

तो दिवस लग्नसराईतला होता. संग्रामपूर तालुक्यातलं एक कुटुंब मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलं होतं. आई, बाप, मावशी आणि एक म्हातारी आजी. दुकानभर ताटं, डबे, पाण्याचे गुंड पसरले होते. माझा मुलगा बाहेरगावी गेला होता. मी एकटाच. माझ्यापुढे नाव घालायची मशीन होती. भांड्यांवर नाव कोरायची ती छोटी, हातात धरायची, घरघरणारी मशीन. नवरा-नवरीचं नाव प्रत्येक भांड्यावर घालायचं होतं.

वरून ठोकणं सुरू झालं.

पहिल्या दोन-तीन ठोक्यांतच मला कळलं की हे रोजचं नाही. रोज तो ठोकून थांबायचा. आज थांबत नव्हता. एकामागून एक, जोरात, हात सापडेल तसे. मध्येच एखादा ठोका घसरायचा, काठी गजाला लागायची, लोखंड वाजायचं, मग पुन्हा शीट घुमायची.

म्हातारी ताट हातात धरून थांबली. "बाप्पा, वरतं कोनाले काही पाह्यजे का?"

"शीट आहे माय. ऊन लागलं की वाजते."

ती दारात गेली. तिने वर पाहिलं, रस्त्यावर पाहिलं आणि परत आली. "ऊन तं अजून आलंच नाही इकडं. तिकडल्या दुकानावरच आहे."

तिचा मुलगा म्हणाला, "आई, तू ताट पाय ना. सेठले माहीत नसन का त्यायच्या दुकानाचं?"

मी खाली मान घातली. सावली माझ्या पायरीवर होती, हे मला दिसत होतं. आवाज कशाचा आहे, हे मला कानाने कळत होतं. जिना मागच्या गल्लीत होता, उठून गेलो असतो तर चहा थंड झाला नसता इतकं अंतर. पण उठलो असतो तर म्हातारीसमोर खोटा पडलो असतो. एवढंच कारण होतं. मी खूप शोधलं, याहून मोठं कारण मला सापडलं नाही.

मी मशीन सुरू केली.

मशीनच्या घरघरीत ठोके बुडाले. एक डबा झाला की लगेच दुसरा घेत होतो, मध्ये मशीन बंद करत नव्हतो. बापाने एकदा दर विचारला, तर मी मान हलवून नंतर म्हणून खूण केली. केव्हातरी बोटं बधिर झाली आणि मशीन थांबवावी लागली. वर काही वाजत नव्हतं. मला हायसं वाटलं. हेही लिहितो. मला हायसं वाटलं.

ऊन पायरीवरून आत आलं तेव्हा शीट खरोखरच बारीक टक-टक करायला लागली. म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे वालं येगळं आहे." मी भांडी बांधून दिली.

दूध घालणारी बाई संध्याकाळी वर गेली आणि ओरडत खाली आली. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेली होती. दादा खुर्चीवरून घसरून खिडकीखाली जमिनीवर बसलेला, काठी हातात. तो माझ्याकडे पाहत होता. वहिनीला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ विचारलं, "दुपारी का नाही आणलं? उष्णतेने बेशुद्ध झाल्या असतील. तेव्हाच आणलं असतं तर वाचल्या असत्या." ती दुसऱ्या दिवशी गेली.

दादाची मुलगी चिखलीला असते, शाळेत शिकवते. ती आली आणि तेरवीपर्यंत राहिली. घरात आलेल्या बायका आपसात बोलत होत्या. बापा, नवरा समोर बसलेला, अन् त्याले काही समजलंच नाही. तिने ते ऐकलं. मग सगळ्यांसमोर मला विचारलं, "काका, तुम्ही खालीच होते ना? बाबांनी काहीच आवाज नाही दिला?"

मी म्हणालो, "त्याले आता काही समजत नाही ग. त्याने ठोकलं असतं तं मी पळत आलो नसतो का?"

दादा तिथेच होता. पलंगावर बसवलेला. त्याने माझं बोलणं ऐकलं. तो तोंड उघडून काहीतरी करायला लागला, मान हलवायला लागला. मुलगी त्याच्याकडे वळली. "बाबा, आई पडली ते तुम्हाले दिसलं होतं?"

"हाव."

"मग काठी हातात होती ना? काऊन नाही ठोकलं?"

"हाव. हाव."

ती उठून आत गेली. तिच्या त्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि तरीही गप्प बसलो.

ती त्याला चिखलीला घेऊन गेली. मी वर्षातून एखाद-दोनदा जायचो. ती त्याचं सगळं करत होती. आंघोळ, जेवण, औषध, कपडे. घर स्वच्छ, दादाही स्वच्छ. पण ती त्याच्याशी बोलत नव्हती. मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा दादा फार वाळला होता. ती त्याला भाताचे घास भरवत होती आणि भिंतीकडे पाहत होती. मला सोडायला दारापर्यंत आली आणि म्हणाली, "काका, मी यांचं सगळं करते. पण यांच्या तोंडाकडे पाहत नाही. पाहिलं की आई उंबऱ्यात दिसते अन् हे समोर बसलेले दिसतात. यांना डॉक्टर म्हणतात समजतं सगळं. समजत होतं तर मग…" तिने वाक्य सोडलं. "हे जातील, अन् माझ्या मनात हे असंच राहील. त्याची मले भीती वाटते."

तेव्हा दारातच सांगायचं होतं. बस निघून जाईल म्हणालो आणि निघालो.

परतीच्या वाटेवर मला कळलं की नुसतं सांगून भागणार नाही. ती म्हणेल, काका माझं मन राखायला बोलतात. खोटं मी इतकी वर्षं इतक्या सहजपणे बोललो होतो की माझं खरं बोलणं तिने का मानावं? मग मला ती शीट आठवली. समोरच्या फुटपाथवरून, ऊन कलतं असताना, मधल्या अक्षराच्या आजूबाजूला बारीक फुगवटे दिसतात. आतून काठी लागून बाहेर आलेले. पातळ पत्रा तो. बहुतेक एकेकटे, इकडेतिकडे. आणि खालच्या कोपऱ्यात, खुर्चीतून घसरल्यावर हात पोचेल तिथे, एकावर एक दाट. मी ते रोज पाहत होतो. बाजारातल्या दुसऱ्या कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

ठेकेदाराला बोलावलं. त्याने शिडीवर चढून आधी अक्षर काढलं, मग शीट. खाली आणून उलटी केली आणि बोट फिरवून म्हणाला, "काका, हे आतून कोनी ठोकलं?"

"माह्या भावाने."

"मंग तुम्हाले आवाज नाही आला?"

"आला."

त्याने स्क्रू खिशात टाकले.

मुलगा चिडला. "बाबा, वेड लागलं का तुम्हाले? मधातलं अक्षर नाही तं दात पडल्यासारखं दिसून राह्यलं. आता काढून काय फायदा? मोठी आई वापस येणार आहे का?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी शीट सुतळीने बांधली आणि बसस्टँडवर गेलो.

खिडकीएवढी शीट, वजन काहीच नाही, पण वारा लागला की हातातून निघायला बघायची. खामगावला बस बदलताना कंडक्टर म्हणाला, "आजोबा, विमानाचा पंखा काढून आनला का? आडवा नका धरू, लोकायच्या नाकाले लागन." लोक हसले. एक बाई म्हणाली, "माह्याकडं द्या, मी धरतो." तिने ती चिखलीपर्यंत मांडीवर उभी धरली. कशाची आहे, हे विचारलं नाही.

मुलीच्या घरात दादा पलंगावर होता. मी त्याच्यासमोरच सांगायचं ठरवलं होतं. शीट भिंतीला टेकवून ठेवली आणि बोललो. खिडकी, हाव, म्हातारी, पायरीवरची सावली, मशीन. सगळं. मध्ये तिच्या नवऱ्याने, आमच्या जावयाने, पाणी पुढे केलं. मुलगी म्हणाली, "नका देऊ. आधी बोलू द्या त्यांना."

बोलून झाल्यावर ती शीटजवळ बसली. खालच्या कोपऱ्यातल्या त्या दाट खुणांवर तिने बोटं फिरवली, एकेक. मग तिने विचारलं, "मशीन तुम्ही स्वतः लावली?"

"हो."

"ठोकणं ऐकू येऊ नये म्हणून?"

"हो."

 दादा काही म्हणाला नाही. त्याचा तो एक शब्दसुद्धा नाही. त्याचं तोंड भिंतीकडे होतं आणि खांदा हलत होता. मी उठून त्याच्या पायाला हात लावायला गेलो तर मुलगी म्हणाली, "त्यांना हात लावू नका." आवाज चढवला नाही. "मले सांगून तुम्ही मोकळे झाले असं समजू नका काका. ज्या ज्या लोकांले तुम्ही सांगितलं की याले काही समजत नाही, त्या सगळ्यांले सांगा. मग पाहू." तिने दार उघडून धरलं.

मी परत आल्यावर सांगायला सुरुवात केली. कापडवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "सेठ, झालं ते झालं, वय झालं तुमचं, कायले मनाले लावून घेता?" आणि चहा मागवला. एका नातेवाइकाने पाठीवर हात ठेवला. दूध घालणारी बाई म्हणाली, "तिचं तेवढंच आयुष्य होतं." कोणीच चिडत नाही. मी सांगायला लागलो की लोक मलाच धीर देतात, आणि दादाला कळत नव्हतं हे त्यांच्या डोक्यात होतं तसंच राहतं. ते म्हणतात, बिचाऱ्याला कुठे समजत होतं. मी पुन्हा सांगतो, समजत होतं. ते मान हलवतात. ती म्हातारी भेटावी म्हणून मी संग्रामपूर तालुक्यातली दोन गावं फिरून आलो. कोणाकडे चौकशी करावी तेही कळेना.

म्हणून हे लिहिलं. माझ्या भावाला सगळं समजत होतं. बायको पडली तेव्हा त्याने त्याच्या हातात जे होतं त्याने, अंगात होता तेवढा जोर लावून, खुर्चीवरून पडल्यावरही, हाक मारली. मी खाली बसलो होतो आणि मला ऐकू आलं.

काल जावयाचा फोन आला. दादा आता जेवण फारसं घेत नाही म्हणाले. मी विचारलं, मुलगी कशी आहे. ते म्हणाले, "शाळेतून आली की त्यांच्याजवळ बसते. बोलत नाही अजून. पण खुर्ची त्यांच्याकडं तोंड करून ठेवते."

मी म्हटलं, मी येऊ का? लांबूनच पाहीन, दारातूनच.

ते म्हणाले, "विचारून सांगतो."

सकाळपासून फोन जवळ घेऊन बसलो आहे. मुलगा दुकानात चला म्हणतो. मी म्हटलं, तू जा.